कॉस्टिकच्या फायबर टाकीला चीर, बाहेरून मॅट मारूनही गळती थांबेना

टॉवेल_प्रोसेस
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं प्रोसेस युनिट आहे. कॉस्टिकसाठी (कॉस्टिक सोडा) १००० लिटरची उभी फायबर टाकी आहे, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिनची, तळ सपाट, भिंत साधारण ६ मिमी. द्रावण २० टक्क्यांच्या आसपास असतं. तळाजवळच्या २ इंची आउटलेटच्या गळ्यापासून वर तिरकी चीर गेलीय, १२ सेंमी लांब. फायबरवाल्याकडून बाहेरून तीन थर मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) रेझिननं मारून घेतली. महिनाभरात पॅचच्या खालच्या कडेला पांढरी पूड धरायला लागली, आता थेंब पडतोय. पॅच एका बाजूनं नखानं उचलला जातोय आणि आत कोरडे पांढरे केस दिसतात. काम भर दुपारी झालं, रेझिन डब्यातच जेलीसारखं व्हायचं, दोनदा धूरही आला.
रेझिन कोणतं घ्यावं, किती थर, किती माल लागेल? की टाकीच बदलावी?

पत्रा_शेड
जुना पॅच ग्राइंडरनं काढा, बाहेरून परत चार थर मारा, वर इपॉक्सी पुट्टी ओढा. चालतंय की वर्षभर.

मॅट_४५०
पत्राशेठ, पाण्याच्या टाकीला चाललं असतं. कॉस्टिकला नाही. बाहेरचा पॅच कितीही जाड असला तरी द्रावण आतून चिरेत शिरतच राहणार, आणि पॅच व भिंत यांच्या सांध्यावर दाब येत राहणार. केमिकलच्या टाकीचं खरं संरक्षण आतल्या पहिल्या अडीच-तीन मिमीत असतं. तिथं काच कमी आणि रेझिन जास्त असतं. अगदी आतला टिश्यूचा (कागदासारख्या पातळ चादरीचा) थर जवळजवळ ९० टक्के रेझिनचा, त्यामागे मॅटचे दोन थर, त्यात रेझिन ७० ते ७५ टक्के. बाहेरची बाकी जाडी फक्त ताकदीसाठी. तुमची आतली कातडी फाटलीय, म्हणून काम आतूनच सुरू करायचं.

मालक, तुमच्या वर्णनात बिघाडाची तीन कारणं उघड दिसतात.

पांढरे कोरडे केस म्हणजे मॅट भिजलीच नाही. मॅटमधले काचेचे तुकडे एका बाइंडरनं धरलेले असतात आणि रेझिनमधल्या स्टायरिननं तो बाइंडर विरघळायला दोन-चार मिनिटं लागतात. विरघळला की मॅट मऊ पडते, भिंतीला चिकटते, पांढरी होती ती पारदर्शक दिसायला लागते. त्याआधीच रेझिन जेल झालं तर काच कोरडीच राहते आणि त्या केसांतून द्रावण वातीसारखं वर चढतं.

दुसरं कारण रेझिन. दुकानात नुसतं 'फायबरचं रेझिन' मागितलं की बहुधा जनरल पर्पज ऑर्थो पॉलिएस्टर हातात पडतं. कुलरची बॉडी, पत्रा, दरवाजा यांना ते ठीक. पण पॉलिएस्टरच्या साखळीत एस्टरचे दुवे असतात आणि कॉस्टिक नेमके तेच तोडतं. साबण करताना तेलावर जी क्रिया होते तीच ही. कोणी 'आयसो' (आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर) घ्या म्हणेल. आयसो आम्लाला आणि पाण्याला बरं, २० टक्के कॉस्टिकला नाही. तुम्हाला बिस्फेनॉल-ए जातीचं व्हिनाइल एस्टरच हवं. सोलापुरात सुटं सहज मिळेलच असं नाही, पुण्याहून मागवा आणि डब्यावरची तारीख बघून घ्या. त्याचं आयुष्य काही महिन्यांचं असतं, आणि आपल्याकडच्या गोदामात ते आणखी घटतं.

तिसरं, चिरेत मुरलेलं कॉस्टिक. ते हवेतला ओलावा ओढतं. वरून मॅट मारली तर खाली ओल कायम राहते आणि पॅच उचलतो.

आता काम.

टाकी रिकामी करून भरपूर पाण्यानं धुवा. मग प्रोसेसला लागणारं ॲसिटिक ॲसिड तुमच्याकडे असेलच, त्याचं २-३ टक्क्यांचं द्रावण करून चीर आणि भोवतालची जागा भिजत ठेवा, पुन्हा धुवा. ओल्या चिरेवर पीएच पट्टी दाबा. ७ च्या आसपास येईपर्यंत हे चालू ठेवा. पट्टी निळसर होत असेल तर पुढं जाऊ नका. मग किमान एक-दोन दिवस वाळवा. हॉट एअर गन लावली तरी हाताला सोसेल एवढीच ऊब द्या.

चिरेच्या दोन्ही टोकांना ३-४ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढं पळणार नाही. आतून चीर इंग्रजी व्हीच्या आकारात उघडा आणि दोन्ही बाजूंना उतार द्या. खोलीच्या बारापट रुंदी धरा: ३ मिमी खोल गेलात तर प्रत्येक बाजूला साधारण ४ सेंमी. पिवळट, मऊ किंवा पांढरट पडलेलं सगळं खरवडून टाका. जेलकोटची (वरच्या रंगीत रेझिनच्या थराची) चमक किंवा रंग कुठंही शिल्लक नको. २४ किंवा ३६ नंबरचा डिस्क घ्या. बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलेल्या जागेवर थर धरत नाही. नंतर ब्रशनं धूळ झाडा, ॲसिटोननं पुसा, ते पूर्ण उडू द्या.

थर असे. आधी व्ही भरा: मॅटचे धागे बारीक कातरून रेझिनमध्ये कालवा आणि तो लगदा दाबून बसवा. खडूची किंवा टाल्कची पुट्टी आतल्या बाजूला नको. त्यावर ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) मॅटचे तीन तुकडे, लहान आधी आणि मोठा वर: १६ बाय ६, मग २० बाय १०, मग २६ बाय १६ सेंमी. प्रत्येक थरावर खाचांचा लोखंडी रोलर फिरवून हवा काढा. शेवटी टिश्यूचे दोन थर. हा टिश्यू काचेचा नको, सिंथेटिक म्हणजे पॉलिएस्टरचा घ्या. कॉस्टिक काचही खातं, त्यामुळे त्याला लागणाऱ्या पहिल्या थरात काच नसलेलीच बरी.

बाहेरून जुना पॅच पूर्ण काढा. ३० बाय २५ सेंमीमध्ये मॅट, त्यावर ६१० ग्रॅमचं वोव्हन रोव्हिंग, वर पुन्हा मॅट. रोव्हिंग म्हणजे काचेच्या दोऱ्यांचं ताण्या-बाण्याचं कापडच, त्याची ताकद त्या दोन दिशांना. मॅटमध्ये धागे कसेही पडलेले असतात म्हणून ताकद सगळीकडे सारखी, पण कमी. रोव्हिंगवर थेट रोव्हिंग कधी ठेवू नका, मध्ये मॅट हवीच. नाहीतर थर सुटतात. नॉझलच्या, म्हणजे आउटलेटच्या, गळ्याभोवती मॅट फाडून लावा. कात्रीची सरळ कड कोपऱ्यावर उभी राहते.

मालाचा हिशोब: मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन, रोव्हिंगला वजनाइतकंच. सगळं मिळून तुमचं काम अर्ध्या किलोत भागतं. सांडणं, ब्रशला लागणं धरून किलोभर हाताशी ठेवा. ४५० ग्रॅमचा एक थर नीट बसला की जाडी साधारण १ मिमी येते, त्यावरून थर मोजा.

मॅट_४५०
धुराचं वेगळं लिहितो, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्यांची तीच रड असते.

तापमान १० अंशांनी वाढलं की जेल व्हायला लागणारा वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. २५ अंशांना २० मिनिटं देणारं मिश्रण ४२ अंशांना सहा-सात मिनिटांत संपतं. त्यात ते डब्यात एकगठ्ठा असेल तर स्वतःच्याच उष्णतेनं आणखी तापतं, दीडशे अंशांच्या वर जाऊन धूर काढतं, तडकतं. म्हणून २०० ग्रॅमच्या वर एका वेळी कालवू नका, आणि कालवलेलं खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता.

कारागीर मग हार्डनर कमी करतात. इथंच काम बिघडतं. हार्डनर म्हणजे एमईकेपी, तो १ टक्क्याच्या खाली नेला की रेझिन घट्ट दिसतं पण आतून कच्चं राहतं, आणि कच्चं रेझिन कॉस्टिकपुढं टिकत नाही. वेळ वाढवायचा तर कोबाल्ट, म्हणजे जेल व्हायचा वेग वाढवणारं द्रावण, कमी करा. ६ टक्के ताकदीचा कोबाल्ट उन्हाळ्यात रेझिनच्या ०.१ ते ०.२ टक्के पुरतो. दुकानात १, ३ आणि ६ टक्के अशा वेगवेगळ्या ताकदीचा कोबाल्ट असतो, विचारून घ्या. व्हिनाइल एस्टर शक्यतो आधीच प्रमोट केलेलं, म्हणजे कोबाल्ट घातलेलं, मागवा, मग कोबाल्ट घालायचाच नाही. रेझिनला गुलाबी-जांभळट झाक असेल तर त्यात कोबाल्ट आहे असं समजा आणि विक्रेत्याकडून खात्री करून घ्या.

२०० ग्रॅम रेझिनला सव्वा टक्का म्हणजे २.५ ग्रॅम एमईकेपी, सुमारे २.२ मिली. सुईशिवायची ५ मिलीची सिरिंज वापरा, झाकणानं मोजू नका. व्हिनाइल एस्टरमध्ये एमईकेपी पडला की बारीक फेस येतो. तो बसू द्या, मग लावा, नाहीतर बुडबुडे थरात राहतात. आधी कागदी कपात ५० ग्रॅमची चाचणी घ्या: २० ते २५ मिनिटांत जेल व्हायला हवं. काम पहाटे, साडेआठच्या आत उरकेल असं.

एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा: कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग एमईकेपी. दोघांना एकच सिरिंज किंवा काडी नको. एमईकेपी पाण्यासारखा दिसतो, डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. गॉगल लावा, उडालाच तर लगेच वाहत्या पाण्यानं किमान १५ मिनिटं धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बाटली पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाला ठेवू नका, ॲसिटोनच्या शेजारी तर नकोच.

बीम_आणि_बॉबिन
आत उतरून काम करायचं म्हणताय तर हेही लिहा की स्टायरिनची वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड असते, ती तळाला साचते. शिवाय स्टायरिनचा फ्लॅश पॉइंट ३१-३२ अंश. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे सकाळी नऊनंतर ते कायमच पेट घेण्याच्या तापमानावर.

टाकी आडवी करा, तोंडाकडून हात घालून काम होईल. आत शिरावंच लागलं तर ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा, बाहेर एक माणूस सतत उभा ठेवा. तोंडाला रुमाल चालत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं काडतूस असलेला मास्क हवा. ग्राइंडिंग आणि रेझिन एकाच वेळी नको. बिडी-काडी बाहेर, ते काय सांगायला नको.

केमिस्ट_जुळे_सोलापूर
वरचं सगळं बरोबर. पण चीर नॉझलपाशीच का गेली? टॉवेल_प्रोसेस, कॉस्टिकचे फ्लेक्स (सुके पापुद्रे) कुठं विरघळवता?

टॉवेल_प्रोसेस
त्याच टाकीत. पाणी भरून वरून गोण्या रिकाम्या करतो, पाच गोण्या, ५० किलोच्या. बांबूनं ढवळतो.

केमिस्ट_जुळे_सोलापूर
मग दुरुस्ती कितीही नीट केली तरी परत तिथंच जाणार.

कॉस्टिक विरघळताना फार उष्णता सोडतं. २० टक्क्यांचं द्रावण एका दमात केलं तर तापमान ५५ ते ६० अंशांनी चढतं. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात ३५ ला असतं, म्हणजे द्रावण नव्वदीच्या घरात. ते झालं सरासरी. फ्लेक्स तळाला बसतात आणि तिथंच विरघळतात, त्यामुळे तळाशी, म्हणजे तुमच्या आउटलेटच्या आसपास, यापेक्षा गरम आणि जास्त तीव्र द्रावण लागतं. ऑर्थोची टाकी असेल तर तिचं आयुष्य असंच संपतं. गरम कॉस्टिकपुढं व्हिनाइल एस्टरही हात टेकतं.

विरघळवण्यासाठी वेगळं एसएस ३०४ चं (स्टेनलेस स्टीलचं) पिंप ठेवा. आधी पाणी, मग फ्लेक्स थोडे थोडे, ढवळत. फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर येतं. ४० अंशांच्या खाली आलं की टाकीत सोडा. नाहीतर फ्लेक्सऐवजी ४८ टक्क्यांची लाय (तयार कॉस्टिक द्रावण) घ्या. ती पातळ करताना गरम होतेच, पण बरीच कमी.

टाकी ठेवायची की बदलायची ते भिंतीवर ठरेल. आतून नाण्यानं ठोकत फिरा. खणखणीत आवाजाच्या जागी मध्येच बद्द आवाज आला तर तिथले थर सुटलेत. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं आतला थर भुगा होऊन निघत असेल किंवा काच उघडी पडली असेल, आणि हे नॉझलपुरतं नसून तळभर असेल, तर पॅचवर पैसे घालू नका.

पत्रा_शेड
मान्य. माझं काम पत्र्याचं, केमिकलचं नाही. एक विचारतो: रेझिन पक्कं झालं की नाही हे बिनयंत्राचं कसं कळणार? वरून चिकट राहतं कधी कधी.

मॅट_४५०
चिकटपणा हवेमुळे. हवेतला ऑक्सिजन वरच्या पातळ थराला पिकू देत नाही. शेवटच्या हातात पॅराफिन मेणाचं द्रावण मिसळतात, ते वर तरंगून हवा अडवतं. किंवा ओल्या टिश्यूवर पॉलिएस्टरची फिल्म, बाजारात मायलर म्हणतात ती, दाबून ठेवायची. मेण फक्त अगदी शेवटच्या थरात. मध्ये वापरलं तर पुढचा थर त्यावर धरणार नाही.

तपासायला फडकं ॲसिटोनमध्ये बुडवून अर्धा मिनिट घासा. मेण असेल तर आधी ते पेपरनं काढा. ॲसिटोन उडाल्यावर जागा चिकट किंवा मऊ लागली तर कच्चं. यंत्र असेल तर बारकोल (कडकपणा मोजणारं), काम नीट पिकलं की ३५ च्या वर आकडा येतो. कॉस्टिक भरायची घाई नको. सात दिवस द्या, टाकी उन्हात ठेवून वर काळी ताडपत्री टाकलीत तर आतली ऊब क्युअरिंगला मदतच करते. कॉस्टिक भरण्याआधी पूर्ण पाणी भरून २४ तास ठेवा.

कुलर_सीझन
थोडं विषयाबाहेर. घरच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीला तडा गेलाय. पाणी काही रोज येत नाही, त्यामुळे टाकीशिवाय भागत नाही. हेच रेझिन लावलं तर चालेल का? कुलरचा ट्रेही गळतोय.

बीम_आणि_बॉबिन
काळी टाकी फायबरची नसते, पॉलिथिनची असते. तिच्यावर पॉलिएस्टर, इपॉक्सी, काहीच चिकटत नाही, वाळलं की पापुद्र्यासारखं निघतं. तिला त्याच पॉलिथिनच्या रॉडनं हॉट एअर गनचं वेल्डिंग लागतं. तडा उन्हानं कडक होऊन गेला असेल तर वेल्डच्या शेजारी पुन्हा जातो, तेव्हा नवी घ्या. ओळख सोपी: तुटलेल्या कडेला काचेचे धागे दिसले तर फायबर. कडेचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवला तर पॉलिथिन मेणबत्तीसारखं थेंब गाळत जळतं. फायबर काळा धूर काढून जळतं आणि मागं काचेचा सांगाडा उरतो.

कुलरचा ट्रे फायबरचा असेल तर साधं ऑर्थो आणि ३०० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर पुरे. ट्रेच्या तळाला क्षाराचा पांढरा थर बसलेला असतो, तो आधी लिंबूसत्वानं किंवा पातळ ॲसिडनं काढा, नाहीतर मॅट क्षाराला चिकटेल, ट्रेला नाही. थर्माकोलजवळ रेझिन नेऊ नका, स्टायरिन त्याला गिळतं.

पत्रा_शेड
पॉली कार्बोनेटच्या पत्र्यालाही हे रेझिन लावू नका. स्टायरिननं त्यावर बारीक चिरांचं जाळं येतं. फायबरच्या पारदर्शक पत्र्याला चालतं, पण पिवळा पडून केस वर आलेला पत्रा असेल तर आधी घासा. आणि त्यावर पाय देऊ नका, कडकपणा गेलेला पत्रा दिसायला धड दिसतो. फळी टाकून चाला.

फ्लँज_फिटर
नॉझलची अजून एक बाजू. आउटलेटला व्हॉल्व्ह लटकता ठेवलाय का? आणि पंप कडक पाइपनं जोडलाय का? बहुतेक ठिकाणी असतंच. व्हॉल्व्हचं वजन आणि पंपाची थरथर सगळी गळ्यावर येते. व्हॉल्व्हखाली स्टँड द्या आणि मध्ये रबरी बेलोज (लवचिक जोड) टाका.

पीव्हीसी लाइन उन्हात असेल तर तिचं फुगणं मोजा. १० मीटर लांबी आणि ३० अंशांचा फरक म्हणजे सुमारे २० मिमी. सरळ रेषेत दोन्ही टोकं बांधली असतील तर तो रेटा नॉझलच सोसतं. एक वळण द्या.

फायबरच्या फ्लँजचा (पाइप जोडायच्या बोल्टच्या चकतीचा) चेहरा सपाट असतो. समोर मध्यभागी उंचवटा असलेला लोखंडी फ्लँज लावून आवळला की फायबरचा कान वाकतो आणि गळ्यात चीर सुरू होते. समोरचाही सपाटच हवा, पॅकिंग पूर्ण चेहऱ्याचं, ईपीडीएम रबराचं, ३ मिमी. बोल्टखाली मोठे वॉशर, आवळताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं. पाना लांब करून जोर लावू नका.

तळ कसा बसलाय तेही बघा. सपाट तळाची टाकी खडबडीत कोब्यावर ठेवली तर खालचे उंचवटे टोचतात. गुळगुळीत लेव्हल, वर रबर शीट.

टॉवेल_प्रोसेस
व्हॉल्व्ह लटकताच आहे, फ्लँजही उंचवट्याचा निघाला. नाणं ठोकून बघितलं, बद्द आवाज फक्त नॉझलभोवती हातभर जागेत, तळ खणखणीत आहे. म्हणजे दुरुस्तीच करतो, विरघळवायला एसएसचं पिंप वेगळं. तेवढे दहा-बारा दिवस टाकीतलं कॉस्टिक ठेवू कशात?

केमिस्ट_जुळे_सोलापूर
२०० लिटरचे निळे एचडीपीई (जाड पॉलिथिन) ड्रम, झाकणासह. थंड २० टक्क्यांना काही होत नाही. भरलेला ड्रम जवळजवळ २५० किलो होतो, म्हणून आधी जागेवर ठेवा, मग भरा. ड्रमच्या तोंडात ॲल्युमिनियमचा किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइप घालू नका, कॉस्टिक त्यांना खाऊन हायड्रोजन सोडतं. झाकण घट्ट ठेवा, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचा धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) होतो. परत वापरताना ट्वाडलचा आकडा, म्हणजे द्रावणाची घनता, बघून घ्या.